आलंय तसं पाठिवलंय

पहाटे पाच चाळीसला जयसिंगपुरातल्या निदान अडीचशे उशांखाली एकदम थरथर होते. कोयनेचा धक्का नसतो. अण्णा उठलेले असतात.

अण्णा म्हणजे कोण, हे सांगत बसायला नको. ते तुमच्याही गल्लीत आहेत. तिकडे त्यांना तात्या म्हणत असतील, आप्पा म्हणत असतील, सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरी म्हणत असतील. जयसिंगपूरचे अण्णा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहून निवृत्त झाले. सुतळी कापताना डाव्या अंगठ्याचं अर्धं नख तिथेच गेलं, ते पुन्हा नीट आलं नाही. त्या अंगठ्याने फोन छातीपासून दीड हात लांब धरायचा आणि उजव्या तर्जनीने, देवाला गंध लावावं तसं, पडद्यावर बोट टेकवायचं. एकेक बोट टेकलं की एकेक ग्रुप पावन होतो.

आधी चित्र येतं. गुलाबावर दव, दवात सूर्य, सूर्यात गणपती. मागोमाग सुविचार. सोमवारी तो व. पु. काळ्यांच्या नावावर असतो, गुरुवारी तोच नाना पाटेकरांच्या, आणि शनिवारी, मारुतीचा वार असूनही, शेक्सपिअरच्या. गल्लीतल्या मराठीच्या निवृत्त बाईंनी एकदा न राहवून विचारलं, "अण्णा, परवा हे वपुंचं होतं. आज नानाचं कसं झालं?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, आलंय तसं पाठिवलंय."

हे वाक्य म्हणजे अण्णांची कवचकुंडलं. पोस्टमनही असंच म्हणू शकेल, असं कोणी म्हणेल. पण पोस्टमन पत्र वाचत नाही. अण्णा वाचतात, हेलावतात, काकूंना मोठ्याने वाचून दाखवतात, आणि मगच हात झटकून पुढे ढकलतात. एप्रिल २०२० मध्ये एका सुविचाराबद्दल खुद्द रतन टाटांना जाहीर करावं लागलं, की हे आपण म्हटलेलंच नाही. अण्णांनी तो खुलासाही पाठवला. वर मूळ सुविचार, खाली खुलासा, दोन्हींच्या शेवटी नमस्काराचे हात.

पुढे पुढे ते वाक्य फोनमधून घरात उतरलं. आठवडी बाजारातून वांगी आणली, काकूंनी चिरून बघितली, आत अळ्या. "आल्यात तशी आणल्यात." नातवाला दहावीला बावन्न टक्के पडले, पाहुण्यांनी विचारलं. "आल्यात तसं सांगितल्यात." एका लग्नात मध्यस्थी करताना मुलगा सरकारी नोकरीत आहे म्हणून सांगून बसले; तो निघाला कंत्राटी. मुलीचे वडील तावातावाने घरी आले, तर अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि तेच वाक्य ऐकवलं. लग्न टिकलं. जोडपं सुखात आहे. व्याही एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोघेही 'आपला परिवार' ग्रुपमध्ये आहेत आणि रोज पहाटे दोघांनाही तोच गुलाब जातो.

अण्णांसारख्या माणसाला गावही तसंच लाभलं आहे. शाहू महाराजांनी हे गाव आखून वसवलं, वडिलांचं, म्हणजे कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचं नाव दिलं, आणि गल्ल्या अशा सरळ काढल्या की त्यांना नावं द्यायचीही गरज पडली नाही. नुसते नंबर. सातव्या गल्लीत कोणी शिंकलं की बाराव्या गल्लीत रुमाल निघतो. अफवेला कुठे वळण घ्यावं लागत नाही. त्यातून विक्रमसिंह मैदानावर दरवर्षी ऊस परिषद भरते. पहिली उचल किती मागणार, याचा आकडा परिषदेच्या आदल्या रात्रीच अण्णांकडून फुटतो. तोही एक नाही, तीन. तिन्ही वेगळे. दुसऱ्या दिवशी त्यातला एखादा जवळपास जुळतो आणि अण्णा वर्षभर तेवढाच लक्षात ठेवतात.

आभाळाच्या बाबतीतही अण्णांनी कसूर ठेवलेली नाही. २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा मेसेज मुळात २००३ सालचा. त्या वर्षी मंगळ खरंच पृथ्वीच्या फार जवळ आला होता, पण दिसायला ठिपक्याचा ठिपकाच होता. मेसेज मात्र तेव्हापासून गणपतीसारखा दरवर्षी येतो. एका वर्षी अण्णांनी सगळ्या घराला रात्री साडेबाराला गच्चीवर नेलं. सतरंजी, थर्मास, शेंगा. पाऊण तास माना वर. शेवटी काकूंनी विचारलं, "कुठं हाय तुमचा दुसरा चंद्र?"

"आभाळ आलंय की."

"मग आलंय तसं पाठवा पुढं," म्हणून काकू खाली झोपायला गेल्या.

राष्ट्रगीताला युनेस्कोने पहिला नंबर दिला, दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, आज रात्री वैश्विक किरणं पृथ्वीजवळून जाणार तेव्हा फोन उशाशी ठेवू नका, हे सगळं अण्णांच्या हातून गेलेलं आहे. किरणांचा मेसेज त्यांनी रात्री पावणेबाराला पाठवला होता, अर्थात उशाशी ठेवलेल्या फोनवरून. चिपवाली नोट मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चलनातून मागे घेतली, तेव्हा अण्णांना चिपची आठवणही राहिली नव्हती. तसं हे वेड काही फोनबरोबर आलेलं नाही. पंधरा पैशांच्या कार्डावर 'हे पत्र एकवीस जणांना पाठवा, न पाठवल्यास म्हैस दगावेल' असं यायचं, तेव्हा अण्णांच्या वडिलांनी बावीस पाठवली होती. एक जास्तीचं, म्हशीच्या नावाने.

जानेवारी २०१८ मध्ये बातमी आली, की भारतातले फोन अडकतात कशाने हे शोधताना गूगलच्या इंजिनिअरांना शुभ सकाळच्या चित्रांचा ढीग सापडला. ती चित्रं हुडकून पुसून टाकायची सोयही त्यांनी काढली. अण्णांनी ही बातमी गुलाब लावून पाठवली.

त्याच वर्षी या विनोदाला एक काळी कडा लागली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अर्थाची एक चित्रफीत सगळीकडे आली. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली होती. मूल परत आणून सोडतात तो शेवट कापून ती हिंडत होती. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात त्याच संशयावरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत हिंडणारे. तीच चित्रफीत आठवडाभर आधी अण्णांच्या हातूनही गेली होती, सात ग्रुपना. बातमी वाचल्यावर त्यांनी फोन उलटा घालून ठेवला. मराठीच्या बाईंनी त्या दिवशी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते वाक्य अण्णांच्या तोंडून निघालं नसतं. चार दिवस पाच चाळीसला काही वाजलं नाही. पाचव्या दिवशी गुलाब आला, पण सुविचाराशिवाय.

त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी ढकलता येईल असा लगाम घातला. पुढच्या वर्षी फार फिरलेल्या मेसेजला दोन बाण लागले, आणि २०२० च्या एप्रिलपासून असा मेसेज एका वेळी एकालाच. अण्णांना हे कलम वैयक्तिक वाटलं. शेवटी त्यांनी तोड काढली. दोन बाणांचा मेसेज आला की फोन टेबलावर ठेवायचा आणि काकूंच्या फोनने त्याचा फोटो काढायचा. त्यामुळे अण्णांचा मेसेज ओळखायला नाव बघावं लागत नाही. वर ट्यूबलाइटची पांढरी रेघ, मधे अण्णांच्या टकलाचं प्रतिबिंब, आणि कोपऱ्यात हमखास तो अर्ध्या नखाचा अंगठा. ताजमहालाच्या बांधणीचं रहस्य असो की मधुमेहावर भेंडीचं पाणी, अंगठा आहेच.

आता हत्तिणीचं. ते टाळून जयसिंगपूरचं काही लिहिताच येत नाही. नांदणीचा जैन मठ इथून हाकेवर. तिथली महादेवी ऊर्फ माधुरी, जुलै २०२५ च्या अखेरीस न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या 'वनतारा' प्राणिकेंद्रात गेली आणि सगळा शिरोळ तालुका घरातलं माणूस गेल्यासारखा रस्त्यावर आला. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत लोक चालत गेले. वनतारा अंबानींचं, म्हणून जिओचं सिम सोडायची लाट उठली. अण्णा २०१६ साली जिओच्या फुकट डेटानेच इंटरनेटवर आलेले, हत्तिणीसाठी त्यांनी तेच सिम सोडलं. त्यासाठी 'पोर्ट' लिहून आपला नंबर १९०० ला पाठवायचा असतो. अण्णांनी तो पाठवला. आयुष्यात एकाच ठिकाणी पाठवलेला हा त्यांचा पहिला मेसेज.

त्याच सुमारास त्यांनी महादेवीचं एक रडतानाचं चित्र टाकलं. डोळ्यांतून धार, आणि तोंडाला हे एवढाले सुळे. नांदणीच्या एका पोराने ग्रुपवर लिहिलं, "अण्णा, आमच्या महादेवीला असलं सुळं कुठं हुतं?" सगळे ते वाक्य यायची वाट बघत राहिले. अण्णा बराच वेळ टाइप करताना दिसत होते. मग एवढंच आलं, "व्हय. मी केळी चारल्यात तिला. नव्हतं." आणि चित्र पुसलं गेलं. अण्णांनी पाठवलेलं काही पुसलं, असं तोवर कधी झालं नव्हतं.

पण अण्णा बघावेत ते पावसाळ्यात. या तालुक्याच्या नशिबी कृष्णा आहे, पंचगंगा आहे, वारणा आणि दूधगंगाही आहेत. सांगलीचं पाणी इकडून येतं, कोल्हापूरचं तिकडून, आणि खाली अलमट्टीचं धरण वाट अडवून बसलेलं. जुलै लागला की ग्रुपची भाषाच बदलते. राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, इशारा ३९, धोका ४३. सांगलीचा आयर्विन पूल इतके फूट. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे सातपैकी किती उघडले. कोयनेतून किती क्युसेक. नृसिंहवाडीच्या देवळात दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणून एक चित्रफीतही येते. ती बहुधा गेल्या वर्षीची असते, पण पाणी तेच असल्यामुळे कोणाची तक्रार नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनपाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची खूण तिथे ४५ ची. त्या आठवड्यात ज्यांनी वर्षानुवर्षं अण्णांना म्यूट करून ठेवलं होतं, त्यांनी पुण्यात, बेंगळुरूत रात्री दोनला उठून त्यांचे मेसेज बघितले. घर वाडीत, आई-वडील वाडीत, आणि बातम्यांत फक्त सांगलीचा बसस्टँड.

म्हणून जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा अण्णांनी रेनकोट चढवला, स्कूटर काढली आणि शिरोळच्या वाटेवरची एक मोरी गाठली. तिथून मेसेज आला. फोटोत गढूळ पाणी, मोरीचा कठडा आणि अंगठा. खाली, "मोरीवर स्वतः उभा आहे. पाणी दोन वीत खाली. ट्रॅक्टर जातो. जनावरे हलवायची असल्यास आत्ताच निघा. सायं. ६.१०." नमस्काराचे हात नाहीत, गुलाब नाही, शेक्सपिअर नाही. मराठीच्या बाईंना त्यात एकही चूक सापडली नाही. माणसं म्हशी घेऊन निघाली.

अण्णा घरी येऊन डोकं पुसत होते, तेवढ्यात पुण्याच्या भाच्याचा मेसेज आला. दोन बाणांचा. "ब्रेकिंग! मोरीवरून दोन पुरुष पाणी! ट्रॅक्टर वाहून गेला! रस्ता बंद, कोणीही घराबाहेर पडू नये! जास्तीत जास्त शेअर करा!" वर फोटो. गढूळ पाणी, मोरीचा कठडा, आणि कोपऱ्यात अर्ध्या नखाचा अंगठा.

अण्णांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा स्वतःच्या अंगठ्याकडे. लगेच भाच्याला फोन लावला. "कुठल्या गाढवानं लिवलंय रे हे? लोकं जनावरं सोडून बसतील की घरात! जरा खात्री करायची न्हाई?"

"मामा, मला काय माहीत?" भाचा म्हणाला. "आलंय तसं पाठवलंय."

काकू सांगतात, त्यानंतर पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग खाली बसून एका बोटाने दुरुस्ती लिहिली. सगळ्या ग्रुपना पाठवली, पाचपाच करून, नियमाने. ती कोणी पुढे ढकलली नाही. तिला एकही बाण लागला नाही. भाच्याचा मेसेज मात्र रात्री नऊपर्यंत आणखी चार ठिकाणांहून अण्णांकडे परत आला. शेवटच्यात ट्रॅक्टर दोन झाले होते.

साडेनऊला त्यांनी ओला रेनकोट पुन्हा अंगावर घेतला.

"आता कुठं?" काकूंनी विचारलं.

"पाणी बघाय."

साडेदहाला अडीचशे उशा थरथरल्या. "एक वीत राहिली आहे. ट्रॅक्टर अजून जातो. स्वतः बघितलंय." फोटो काळामिट्ट होता, काहीच दिसत नव्हतं. अंगठा तेवढा बॅटरीच्या उजेडात आला होता.

पाच चाळीसला गुलाब आला, दवासकट.