कॅप्टनसाहेब, एक शंका होती

लग्नाच्या पंगतीत वैमानिक सापडला की त्याचं जेवण संपलंच म्हणून समजा. श्रीखंड पानात पडायच्या आत शेजारचे काका विचारतात, ‘संडासातलं सगळं वरूनच खाली सोडता ना?’ तो सांगतो, टाकीत साठतं, उतरल्यावर गाडी येऊन उपसून नेते. काकांची घोर निराशा. इतकी वर्षं ते उगाचच आभाळाकडे संशयाने बघत होते.

दुसरा प्रश्न पगाराचा. ‘सगळं ऑटोपायलटच करतो म्हणे, मग पगार कशाचा?’ आता टेकऑफ हातानेच होतो, बहुतेक लँडिंगही, आणि मधल्या वेळात त्या यंत्राला काय करायचं हे सांगावं लागतंच. पण काकांनी व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यापुढे कॅप्टनचा हजारो तासांचा अनुभव काय टिकणार?

पंख हलतात ते मोडायला आलेत का? नाही हो. ते वाकण्यासाठीच बनवलेले असतात. २०१० च्या चाचणीत बोइंग ७८७ चे पंख सुमारे २५ फूट वर वाकवले होते. मुंबईवर घिरट्या का? तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. यावर काका ‘नियोजन नाही’ म्हणून मोकळे.

सुरक्षेची एवढी काळजी वाहणारे हेच काका विमानाची चाकं टेकताक्षणी पट्टा सोडतात आणि विमान धावत असतानाच डोक्यावरची बॅग ओढायला उभे राहतात. त्याबाबत त्यांना कसलीही शंका नसते.