नवलेखकांसाठी प्रकाशनविद्या : घरबसल्या, मोबाइलवर

कादंबरीचं पहिलं प्रकरण झालं की लिहिणं ताबडतोब थांबवावं. उरलेली प्रकरणं कुठे पळून जात नाहीत. आता महत्त्वाचं काम, म्हणजे पुस्तक कसं छापून आणावं याचा इंटरनेटवर शोध. घरच्यांना ‘लेखन चाललंय’ असं सांगून ठेवावं.

सुरुवात अमेरिकेपासून करावी. तिथले जाणकार सांगतात, आधी लिटररी एजंट गाठा आणि त्याला एका पानाचं पत्र लिहा. त्या पत्रावरचे व्हिडिओ पाहण्यात एक पावसाळा सहज निघतो. मराठीत एजंट जवळपास नसतातच. इथे प्रकाशकाला फोन करायचा, भेटायला जायचं आणि ‘बाड ठेवून जा, बघतो’ ऐकून परतीची बस पकडायची. पण एवढ्याशा कारणाने अभ्यास सोडू नये. ‘हॅरी पॉटर’वाल्या रोलिंगबाईंना किती प्रकाशकांनी परत पाठवलं हा आकडाही पाठ असू द्यावा, सल्लागारांच्या बोलण्यात तो हटकून येतो.

मग ‘नवोदितांना सुवर्णसंधी’ अशी जाहिरात शोधावी. शोधावी कसली, तीच आपल्याला शोधत येते. रात्री दहाला ते पहिलं प्रकरण धाडावं. दहा वीसला निरोप येतो : ‘अभिनंदन! आपली कादंबरी आमच्या संपादक मंडळाने एकमताने निवडली आहे.’ कादंबरी अजून एकाच प्रकरणाची आहे, हे मंडळाच्या ध्यानात आलेलं नसतं. आपणही आणून देऊ नये.

पाठोपाठ दरपत्रक येतं. सिल्व्हरमध्ये मुखपृष्ठ : मावळता सूर्य, पाठमोरी मुलगी, कादंबरी साखर कारखान्यावरची असली तरी. गोल्डमध्ये आयएसबीएन आणि कॉपीराइट. प्लॅटिनममध्ये शाल, श्रीफळ आणि ‘बेस्टसेलर’. मुद्रितशोधन कशातच नाही. त्यासाठी लेखकाची मेहुणी असते. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय यंत्रणा फुकट देते, लेखकालासुद्धा. आणि कॉपीराइट तर लिहिल्याबरोबर आपलाच होतो, नोंदणीची सक्ती नाही. हे तिथे बोलून रसभंग करू नये.

बेस्टसेलरची कृती सोपी. ऑनलाइन दुकानातला एखादा ओस पडलेला विभाग निवडावा, भाचे-पुतणे आणि ऑफिसातली मंडळी यांना एकाच सकाळी खरेदी करायला लावावी. दुपारपर्यंत क्रमांक घसरतो. स्क्रीनशॉट घसरत नाही.

काही वाचन मात्र कटाक्षाने टाळावं. १९५७चा कॉपीराइट कायदा सरकारने कुणालाही दिसेल असा ठेवलाय, हा धोकाच आहे. त्यातलं कलम १९ विशेष नीरस. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. प्रदेश घातला नसेल तर हक्क भारतापुरते. घेतलेले हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते संपुष्टात येतात. ना मागे संगीत, ना ‘शेवटपर्यंत नक्की पाहा’. असलं वाचून कुणाचं लेखक व्हायचं स्वप्न टिकलंय?

जुन्या मुद्रकांशी गप्पा तर मुळीच नकोत. ते सोळा पानांचा फर्मा, कागदाचा भाव, हजार प्रतींचा खर्च असं काहीबाही सांगतात आणि प्लॅटिनमचा हिशेब पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवतात. वर म्हणतात, प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो आणि लेखकाला रॉयल्टी देतो. लेखकाकडून पैसे घेतो तो छपाईवाला, तेव्हा त्याच्यासारख्याच आणखी दोघांकडून कोटेशनं मागवा.

इतकं सांभाळूनही करार पुढ्यात आलाच, तर सही करण्याआधी त्यात ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी’ असे शब्द आहेत का बघा. असतील तर ते खोडून घ्या, आणि किती वर्षं, कोणत्या भाषा, छापील की ई-बुकही, हे तिथल्या तिथे लिहून घ्या.