नाकात मळी

व्याह्यांनी एखादी गोष्ट शिकवायला घेतली की नको म्हणायची सोय नसते. साहेबाला आजारी पडून टाळता येतं, बायकोपुढे ऐकू आलं नाही असं दाखवून बघता येतं, पण ज्या घरात पोटची मुलगी दिली त्या घरच्या कर्त्या पुरुषानं फोनवर "या एकदा नाशकाला, तुम्हाला व्हिस्की चाखायला शिकवतो" असं प्रेमानं म्हटलं, तर मुलीचा बाप काय सांगणार, की आम्हाला येते म्हणून? मी "येतो की" म्हणालो. फोन स्पीकरवर होता. ही लसूण सोलत होती, ती सोलायची थांबली.

तसं माझं आणि व्हिस्कीचं नातं लांबचं. ३१ डिसेंबरला, पतसंस्थेतल्या एका जुन्या मित्राच्या गच्चीवर, स्टीलच्या पेल्यातून (बघणाऱ्याला ताक वाटावं म्हणून), आणि त्यात सोडा इतका की पेल्यात आणखी काही आहे हे फक्त ओतणाऱ्याला ठाऊक. राहात्यात याहून जास्त जमतही नाही. शिर्डी इथून पाच-सहा किलोमीटरवर, त्यामुळे घरात बारा महिने कोणी ना कोणी दर्शनाला उतरलेलं. त्यातून गावात परमिट रूमची पायरी चढलातच, तर तुम्ही खुर्चीवर टेकायच्या आत बातमी घरी जाऊन, चहा पिऊन परत आलेली असते.

आमचे व्याही बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं योगासनं करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. यांनी सिंगल माल्टचा अभ्यास लावला. कपाटात बाटल्या, बाटल्यांना चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर तारखा. आम्ही पोचलो तेव्हा हॉलमधल्या टेबलावर पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर चार ग्लास (तळाशी फुगीर, वर निमुळते), शेजारी पाण्याची वाटी आणि औषधाचा ड्रॉपर. मला वाटलं, कोणाच्या तरी कानात औषध घालायचंय.

"आधी कायदा," व्याही म्हणाले, आणि माझ्या हातात एक चिठोरं ठेवलं. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे, प्यायचं तर परवाना लागतो, व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण पाहिजे. स्वतः व्याह्यांकडे आजन्म परवाना आहे, तो त्यांनी लॅमिनेट करून ठेवलाय. माझ्यासाठी एक दिवसाचा काढून आणला होता. पाच रुपये. उभ्या आयुष्यात सरकारनं मला इतक्या स्वस्तात काही करू दिलेलं नाही, म्हणून मी तो घडी करून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात घातला. ते पाकीट हिच्या पर्समध्ये असतं हे त्या वेळी ध्यानात आलं नाही.

विहीणबाईंनी बशीभर चिवडा आणला, तो व्याह्यांनी आल्या पावली परत पाठवला. "चिवड्यानं जिभेचं वाटोळं होतं." मी बशी जाताना पाहत राहिलो. मग शिकवणी सुरू झाली. व्हिस्की भट्टीतून निघते तेव्हा पाण्यासारखी बिनरंगी असते, रंग आणि बरीचशी चव येते ती लाकडाच्या पिंपातून. अमेरिकेत कायदाच असा आहे की बर्बन भरायची ती ओकच्या नव्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपात. म्हणजे एकदा वापरलं की ते साधारण दोनशे लिटरचं पिंप त्यांच्या बर्बनच्या कामाचं राहत नाही, आणि मग ती पिंपं जगभर विकली जातात. स्कॉटलंडमधले लोक पूर्वी शेरी या स्पॅनिश वाईनची पिंपं वापरायचे, कारण इंग्रज शेरी प्यायचे भरपूर आणि रिकामी पिंपं बंदरात पडून असायची. फिनिश ही पुढची पायरी. वर्षानुवर्षं एका पिंपात मुरलेली व्हिस्की शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या, वाईन प्यालेल्या पिंपात हलवायची. स्कॉटलंडमधल्या बाल्वेनी डिस्टिलरीच्या डेव्हिड स्ट्युअर्टनी १९८० च्या दशकात हे पद्धतशीर करून दाखवलं आणि मग सगळ्यांनीच धरलं. लाकडात जिरलेली वाईन थोडी थोडी बाहेर येते, रंग लालसर होतो, सुकामेव्याचा गोडवा येतो, तुरटपणा येतो. काही जण तर वाईनचं पिंप आतून तासून, भाजून, पुन्हा जाळून घेतात.

"समजलं?" व्याह्यांनी विचारलं.

"लोणचं संपलं तरी बरणीला वास राहतो, तसं," मी म्हणालो. व्याही थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि मला उगीचच आपण यातले आहोत असं वाटू लागलं. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

पहिला ग्लास गोव्याचा होता, कुंकळ्ळीच्या पॉल जॉनचा, नुसत्या बर्बनच्या पिंपात मुरलेला, शेचाळीस टक्क्यांचा. हे अर्थात मला नंतर कळलं; बाटल्या पडद्यामागे होत्या. ग्लास हलकेच फिरवायचा असतो. मी तो जात्याच्या सवयीनं फिरवला आणि त्यातला निम्मा ऐवज चादरीवर गेला. मग वास. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवून नाक काठाशी न्यायचं असतं, हे व्याही सांगत होते तोवर माझं नाक ग्लासात पूर्ण उतरलं होतं आणि मी, डॉक्टर छातीला नळी लावतात तेव्हा घेतो तसला, भरभक्कम श्वास घेतला होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, एकापाठोपाठ एक शिंका, चष्मा ग्लासात. विहीणबाई आतून धावत आल्या, त्यांना वाटलं लेकीच्या आठवणीनं मला भरून आलं. लेक आतल्याच खोलीत होती.

"काय जाणवलं?" व्याह्यांनी चष्मा पुसून माझ्या हातात देत विचारलं. ते स्वतः मध, व्हॅनिला, भाजलेली बार्ली वगैरे म्हणून मोकळे झाले होते. मी राहात्याचा माणूस. आमच्याकडे हायवेला पाट्या मांडून बायका बसतात, शिर्डीला निघालेल्या गाड्या थांबतात, तिखट-मीठ लावून फोडी पुढे येतात. मी म्हणालो, "पेरू."

दुसऱ्या ग्लासाला मात्र नशीब उघडलं. लालसर, गोडुस, शेवटी जीभ आवळणारा. लहानपणी परीक्षेच्या दिवसांत आजी झाकणभर द्राक्षासव पाजायची, ते एकदम आठवलं आणि मी तसं बोलून गेलो. व्याही खुर्चीतून उठले. त्यांनी पडद्यामागून बाटली आणली: रामपूर आसव. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या डिस्टिलरीचा माल, आधी बर्बनच्या पिंपात मुरलेला आणि मग भारतीय कॅबर्ने सोव्हिन्याँ वाईनच्या पिंपात फिनिश केलेला. "व्याहीसाहेब, नाक आहे तुम्हाला!" ते म्हणाले. स्वयंपाकघरात हिचा आवाज थांबला, म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

हातात एक उत्तर आलंय म्हटल्यावर ते मी सोडतोय कसला. तिसऱ्या ग्लासालाही मी "द्राक्षासव" म्हणालो. तो नाशिक जिल्ह्यातल्याच दिंडोरीचा लाँगिट्यूड ७७ निघाला, वाईनच्या पिंपातून काढलेला, म्हणून त्यांनी अर्धे गुण दिले. मग माझ्या आग्रहावरून त्यांनी पहिला ग्लास पुन्हा दिला, कुठला ते न सांगता, आणि मी डोळे मिटून, मान डोलवून, घोट जिभेवर घोळवून ठामपणे सांगितलं: द्राक्षासव. त्या बिचाऱ्या पिंपानं जन्मात द्राक्ष पाहिलं नव्हतं.

इथे थांबलो असतो तर दोन्ही घरांचे संबंध आहेत तसे राहिले असते. पण चौथा ग्लास उरला होता, आणि तो नक्षीकाम केलेल्या काचेच्या सुरईतून आला. व्याह्यांच्या थोरल्या बंधूंनी परदेशातून येताना खास आणलेली, मूळ बाटली प्रवासात फुटेल म्हणून सुरईत भरून दिलेली, अठरा वर्षं मुरलेली स्कॉच. व्याही ती सणासुदीलाच काढत. त्यांनी ग्लास दिव्यासमोर धरला, "अंजीर," म्हणाले, "जुनं चामडं, आणि मागून येणारी दालचिनी."

मी नाक नेलं. आणि या खेपेस मला काही आठवावं लागलं नाही.

माझं नाक कशावर पोसलंय हे सांगायला हवं. आमचा सगळा मुलूख कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारा. लोणी आमच्याच तालुक्यात. तिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं सहकारी साखर कारखाना उभा केला, तो आशियातला पहिला म्हणतात. साखर काढून घेतल्यावर जो काळा, दाट रस उरतो ती मळी, आणि मळी आंबवून अल्कोहोल होतं. शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात टिळकनगरला मॅन्शन हाऊस ब्रँडीवाल्यांचं मूळ ठाणं आहे, म्हणजे हा परिसर या धंद्याला नवखा नाही. गळीत हंगामात वारा फिरला की मळीचा वास दारं-खिडक्या न विचारता घरात येतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आम्हाला त्यात भूक लागते. आपल्याकडच्या बऱ्याचशा स्वस्त व्हिस्कीत मूळ स्पिरिट असतं ते या मळीचंच, त्यात थोडं माल्ट मिसळतात. युरोपात तिला व्हिस्की म्हणू देत नाहीत, तिथे धान्यच लागतं. इथे चालतं, आणि तक्रारही कोणाची नाही.

"मळी," मी म्हणालो.

व्याह्यांनी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मी आणखी मोठ्यानं आणि खुलासेवार सांगितलं की ही स्कॉच नाही, ही आपल्याकडची, क्वार्टरमध्ये मिळते ती, मी गच्चीवर हीच पितो. संपूर्ण संध्याकाळमधलं माझं एकमेव निर्विवाद उत्तर. आतून विहीणबाईंचा आवाज आला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, भाऊजी आणि परदेश! दुबईच्या विमानतळावर दोन तास होते फक्त."

जेवणं लवकर आटोपली.

परतीच्या वाटेवर ही बोलली नाही आणि मला ते बरंच वाटलं, कारण मला विचार करायचा होता. आपल्याला नाक आहे, हे सिद्ध झालं होतं. आता फक्त पिंप हवं होतं. पुतण्याकडून दोन लिटरचं ओकचं पिंप ऑनलाइन मागवलं, लोखंडी कड्यांचं, छोट्या लाकडी तोटीचं, मोठं गोजिरवाणं. नाशिकची एक रेड वाईन दुचाकीच्या डिकीतून आणली. बेत सोपा होता: महिनाभर वाईन मुरवायची, ती काढून घ्यायची, मग गच्चीवरचीच आपली मळीवाली त्यात भरायची, आणि दिवाळीला व्याह्यांपुढे ठेवून झालेलं नुकसान भरून काढायचं. पिंपात वाईन ओतली आणि ते मधल्या खोलीच्या माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे सरकवून दिलं.

कोरडं पिंप आधी पाण्यात भिजत घालायचं असतं. लाकूड फुगतं, फटी मिटतात, मग ते गळत नाही. ही माहिती पिंपासोबत आलेल्या कागदावर होती, आणि तो कागद मी पिंप डुगडुगू नये म्हणून त्याच्या खाली घातला होता.

दुसऱ्या दिवशी एकादशी. मधल्या खोलीत हिचं भजनी मंडळ बसलेलं. मृदंग रंगात आला, माळ्याच्या फळ्या हलल्या असाव्यात, आणि आमच्या ऐंशी पार केलेल्या आत्याबाईंच्या पांढऱ्या पदरावर टपकन एक लाल थेंब पडला. मग दुसरा. आत्याबाईंनी वर पाहिलं, थेंब बोटावर घेतला, कपाळाला लावला आणि "कुंकू गं, कुंकू पडतंय!" म्हणून हात जोडले. भजन थांबलं. सगळ्या जणी उठून त्या माळ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मी दारात. ही एकटी वर न बघता माझ्याकडे बघत होती. काय करणार?

मीही हात जोडले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण अजून घरात तो विषय तापलेला आहे. पिंप दोन दिवस बादलीत बुडवून ठेवलं, फुगलं, पुन्हा वाईन आणली, मुरवली, काढली आणि फाल्गुन सरता सरता व्हिस्की भरली. माळा बंद झाल्यामुळे त्याची रवानगी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत झाली. मुरताना व्हिस्की लाकडातून उडते, तिला म्हणे देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास. बंगळुरूच्या अमृतवाल्यांचा दहा-बारा टक्के उडतो. तेही मोठ्या पिंपात. पिंप जितकं लहान तितकं आतल्या मालाला लाकूड जास्त भिडतं, उडतंही जास्त. आणि आमची ती पत्र्याची खोली एप्रिल-मेमध्ये अशी तापते की तिथे कैऱ्या आपोआप शिजतात. दिवाळीला तोटी फिरवली तेव्हा कडेला पितळी वाटी धरली होती, ती भरली नाही. आलं ते काळं, दाट, वासाला ओली फळी, आणि जिभेवर ठेवलं तर दातखीळ बसेल इतकं तुरट.

व्याही आले. एवढा गाजावाजा करून ठेवलेला, आता मागं कसं फिरायचं? मी वाटीतलं ग्लासात ओतून पुढं केलं. त्यांनी फिरवलं, हुंगलं, घोट घेतला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. बोलता येत नव्हतं. विहीणबाईंनी ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला, वास घेतला, दोन बोटं बुडवली आणि तिथंच बसल्या बसल्या उजव्या गुडघ्याला चोळलं. सगळं चोळून संपवलं. सकाळी जिना धरावा न लागता उतरल्या.

जाताना गाडीत बसता बसता मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा मोठं पिंप घ्या. डावा राहिलाय."