एक उल्का, दोन साक्षीदार

सिंगापूरमध्ये बाराही महिने सातच्या सुमारास सूर्य मावळतो, पण अंधार काही पडत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाश-प्रदूषणाच्या जागतिक नकाशात या देशाचा पहिला नंबर लागला. इथे कशातही पहिला नंबर आला की त्याची जाहिरात होते. या नंबराचं पोस्टर मात्र माझ्या पाहण्यात नाही. त्यात आपण विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा-दीड अंश वर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजाला टेकलेला. नव्या जोडप्याला तो दाखवायची वेळ आलीच, तर गुरुजींना जोहोर बारूच्या इमारतींकडे बोट करावं लागेल आणि अढळपद त्यांच्यामागेच कुठेतरी आहे, हे वधूवरांना विश्वासावर घ्यावं लागेल.

अशा आकाशात उल्का दिसायची, तर ती दांडगीच हवी. शुक्राहून तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. त्याला शहरातल्या दिव्यांची भीड नसते.

तसा एक आम्हाला आमच्या एचडीबीच्या कॉरिडॉरमधून दिसला. जेवणं झाल्यावर वारा खात उभे होतो. समोरच्या ब्लॉकच्या डोक्यावरून तो झर्रकन आला, शेवटी भडकला आणि संपला.

"पाहिलंस?" दोघांनी एकदमच विचारलं. एकमत झालं ते तेवढ्यावरच. बायकोच्या मते तो हिरवा होता, माझ्या मते निळा. मी म्हटलं दहा सेकंद, ती म्हणाली तीन. मी म्हटलं पूर्वेकडे गेला. ती म्हणाली, "तुझी पूर्व म्हणजे फेअरप्राइसच्या बाजूला ना? ती दक्षिण आहे." उल्केतलं मॅग्नेशियम पेटलं की निळसर-हिरवा उजेड पडतो, हे मी शोधून दाखवलं. म्हणजे दोघंही बरोबर. या निकालाने दोघांचंही समाधान झालं नाही.

शेजारचे चिनी अंकल खुर्चीत बसून फोन बघत होते. त्यांनी मान वर न करता निवाडा दिला, "विमान, लाह. चांगी."

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चंद्रपूरच्या मामांनी लिहिलं, "रॉकेट." त्यांचं बरोबरच आहे म्हणा. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, त्यांच्या आकाशातून जळते पट्टे गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचे अवशेष, असं जाणकारांनी सांगितलं. पण असे अवशेष वरातीसारखे जातात: सावकाश, मागे तुकड्यांचा लवाजमा घेऊन. उल्का सेकंदाला निदान अकरा किलोमीटरच्या वेगाने हवेत घुसते. तिला मिरवायला सवड नसते. "मामा, वरात नव्हती," एवढंच मी कळवलं. मामांनी अंगठा पाठवला. तो संमतीचा होता की निरोपाचा, कोण जाणे.

मतभेदांचा मला वीट येऊ लागला होता, तेवढ्यात ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग भेटले. हे ग्योटिंगेनचे दोन विद्यार्थी १७९८ साली रात्री काही मैलांच्या अंतराने उभे राहून उल्का टिपत. तीच उल्का एकाला एका ताऱ्याजवळ दिसे, दुसऱ्याला दुसऱ्याच. भांडायला एवढं पुरेसं होतं, पण त्यांनी त्या फरकावरून गणित मांडलं आणि उल्का शंभर किलोमीटरच्या आसपास उंचीवर पेटतात हे दाखवलं. दोघांचं म्हणणं तंतोतंत जुळलं असतं, तर हाती काहीच लागलं नसतं!

आजही हीच रीत चालते. इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशन पाहणाऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज भरून घेते: कुठे उभे होतात, कुठल्या दिशेला दिसली, किती वेळ, आवाज आला का. आम्ही अर्थातच दोन वेगळे अर्ज भरले. पण खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्यांच्या मतभेदातून उंची निघत नाही. त्याला मध्ये अंतर लागतं. म्हणून पुढच्या वेळी तिने चांगीला उभं राहावं आणि मी पार दुसऱ्या टोकाला, तुआसला, असा प्रस्ताव मी मांडला.

तिने तो मान्य केला. हरकत नाही, दुरुस्ती नाही, "बघू" सुद्धा नाही. आमच्या संसारातलं इतकं झटपट एकमत पाहून मीच आता प्रस्ताव मागे घ्यायच्या विचारात आहे.