आजींचा थर वर

आमच्या आणि शेजारच्या ताईंच्या क्वार्टरमध्ये कमरेइतकं मेंदीचं कुंपण आहे. रेंजहिल्सची ही कारखान्याची वसाहत. सकाळी भोंगा झाला, माणसं डबे घेऊन कामावर गेली, की कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोन बायका उगवतात. परवा मी मिरच्यांची देठं काढत होते आणि ताई चादरी वाळत घालत होत्या. चादर झटकताना नेहमीपेक्षा जास्त आवाज झाला, तेव्हाच ओळखलं की घरात काहीतरी शिजतंय.

"हॉल ठरला, साडी ठरली, नोटिशीचे तीस दिवसही संपत आले वहिनी. केक तेवढा ठरेना."

ताईंच्या लेकीचं लग्न तुम्हाला माहीतच असेल. अख्ख्या खडकी बाजाराला माहीत आहे. ताईंचं माहेर नगरचं, घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. मुलगा दापोडीचा, घर वारकऱ्यांचं. आधी रजिस्टर लग्न, मग चर्चमध्ये आशीर्वादाची प्रार्थना, संध्याकाळी रिसेप्शन. हळद मात्र दोन्हीकडे, त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. दुमत आहे ते केकबद्दल. मुलाच्या आजींच्या गळ्यात तुळशीची माळ. अंडं चालत नाही. आणि ताईंच्या घरचा केक म्हणजे अंड्यांचा, वर रममध्ये भिजवलेला.

रमची गोष्ट अशी, की ताईंचे दीर बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले. त्यांना कँटीनचा कोटा आहे. ते स्वतः थेंब घेत नाहीत, म्हणून लग्न ठरलं त्याच दिवशी त्यांनी बाटली ताईंच्या ओट्यावर आणून ठेवली. काळ्या मनुका, बेदाणे, चेरी, संत्र्याची साल, सगळं दोन महिने बरणीत मुरतंय. पाळकसाहेब घरी आले की बरणी फडताळात जाते.

"भट्टीचाच केक करायचा, हा माझा हट्ट," ताई म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी नाताळात घरून मैदा, लोणी, अंडी, साखर घेऊन बेकरीत जायचं. तिथे आपल्यासमोर फेटून घ्यायचं आणि डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवून रात्री भट्टीत सोडायचं. सकाळी गरम डबे डोक्यावर घेऊन घरी. जळक्या साखरेने आलेला तो काळसर रंग. असा केक महिनोन् महिने टिकतो, साखर आणि दारू त्याला राखतात. म्हणून तर पूर्वी विलायतेत लग्नाच्या केकचा वरचा थर पहिल्या लेकराच्या बाप्तिस्म्यासाठी ठेवून देत. चार्ल्स-डायनाच्या 1981 च्या लग्नातल्या केकचा एक तुकडा 2021 मध्ये लिलावात 1,850 पौंडांना गेला, हे मी कुठेसं वाचलेलं सांगितलं. ताई चादरीला चिमटा लावता लावता थांबल्या. "शिळ्या केकला?"

लेकीला मात्र हवाय चार थरांचा, पांढराशुभ्र, फुलांचा. नणंद-भावजया तीन दुकानांत चाखून आल्या. तिथे कळलेली गंमत ताईंना अजून पचलेली नाही. त्या उंच केकचे खालचे तीन थर थर्माकोलचे असतात! वरून क्रीम फासायचं, फुलं खोवायची, सुरी घालायला एकच थर खरा. बाकीचा केक आत स्वयंपाकघरात ताटांमधून कापून येतो. थर्माकोलचेही पैसे लावतात म्हणे. मी म्हटलं, एवढं काय मनावर घेता, आपल्या रुखवतात नाही का पुठ्ठ्याचा बंगला असतो!

हिशेब सोपा आहे. माणसं चारशे. किलोला वीस फोडी पाडल्या तरी वीस किलो केक लागतो. व्हिक्टोरिया राणीच्या 1840 च्या लग्नात एकच केक 300 पौंड वजनाचा होता, पण तिला मे महिन्यात टेम्पोतून होळकर पुलावरून न्यायचा नव्हता. आमच्या भाचीच्या वेळी एका दुकानाने तीन थरांचा क्रीमचा केक गाडीत घालून पाठवला. नाव घेत नाही. पहिल्या गतिरोधकाला वरचा थर झुकला, दुसऱ्याला बसला. हॉलवर पोचेपर्यंत नवरा-नवरीच्या साखरेच्या बाहुल्या गळ्यापर्यंत क्रीममध्ये. वीस मिनिटं सगळे नवरीची समजूत घालत होते.

"मग काय, कयानीचा मावा केक आणून वाटू?" ताई वैतागल्या. कल्पना वाईट नाही, पण त्यासाठी ईस्ट स्ट्रीटवर रांगेत कोण उभं राहणार? आणि दुपारी ते दुकान बंद असतं, हे पुण्यात नव्याने येणाऱ्यालाच सांगावं लागतं.

मला एकदम पंचहौद आठवलं. 1890 साली गुरुवार पेठेतल्या त्या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे मंडळींना चहा-बिस्किटं पुढे केली आणि गोपाळराव जोश्यांनी नावांची यादी छापून आणली. केवढं ग्रामण्य माजलं! शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा माझी विहीणबाई बरी. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, आजींना केक खायचाय, तेवढं अंडं नको."

ही बातमी मला माहीतच नव्हती! म्हणजे आजी नाही म्हणतच नाहीत. आजींना केक हवाच आहे.

मग तोडगा त्या फुलवाल्या केकच्या कारागिरानेच काढला. दही किंवा कंडेन्स्ड दूध घालून केलेला बिनअंड्याचा केक मऊ असतो, चुरतो. अंड्याइतका घट्ट धरत नाही. त्याच्यावर दुसरा थर ठेवला तर दबतो. म्हणून तो वरच ठेवायचा, खाली आधाराच्या काड्या रोवायच्या. मनुका संत्र्याच्या रसात भिजवलेल्या. म्हणजे आजींचा थर सगळ्यात वर, आणि तोही मानपानासाठी नाही, वजनाच्या हिशेबाने. मधले थर थर्माकोलचे, त्यामुळे रमचा वासही वर चढणार नाही. तळाला ताईंचा भट्टीचा. एरवी थर्माकोलला नावं ठेवणाऱ्या ताई आता त्याचं कौतुक करताहेत.

"पण सुरी एकच की हो," मी म्हटलं.

ताईंनी कपाळावर हात मारला. तीन दुकानं, दोन घरं, एक कारागीर, कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता दोन सुऱ्या मी बाजारातून आणणार आहे. लाल फीत आजींच्या सुरीला, पांढरी दुसरीला. आणि आधी वरचा थर कापायचा, आजींच्या हातून.

तुम्ही येणार असाल तर साडेसातच्या आत या. भट्टीचा केक चारच किलो आहे, आणि आमचे हे आत्तापासून त्यावर डोळा ठेवून आहेत.