राज्य कोणाचे, दप्तर कोणाचे?
(एकपात्री विनोदी प्रयोग)

पात्र : तहसील कचेरीतून सेवानिवृत्त झालेले एक अव्वल कारकून.
स्थळ : सोलापुरातील एका घराची पुढची खोली.

(रंगमंचाच्या मध्यभागी टेबल. त्यावर मयूरपंखी नक्षीच्या सोलापुरी चादरीने आपादमस्तक झाकलेला संगणक. शेजारी लाल फडक्यात बांधलेला दप्तराचा रुमाल. पांढरा सदरा, काळी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा अशा वेषात कारकून प्रवेश करतात. चादर सावकाश उचलतात, तिची चौपदरी घडी घालतात आणि मगच प्रेक्षकांकडे वळतात.)

ज्या इसमाने आपली उभी हयात इतरांच्या जमिनींच्या वाटण्या, वारसनोंदी आणि फेरफार लिहिण्यात खर्ची घातली, आणि एका वीतभर बांधासाठी सख्ख्या भावांनी परस्परांची डोकी कशी फोडली याचे जाबजबाब ज्याने मुद्देसूद नोंदवून घेतले, त्या इसमाला निवृत्तीनंतर आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर, दोन हात लांबीच्या जागेवर राज्य कोणाचे असावे हा तंटा सोडवावा लागेल, असे भाकीत जर एखाद्या ज्योतिषाने केले असते, तर मी त्याला दिलेली दक्षिणा रीतसर पावती दाखवून परत मागितली असती.

(खुर्चीवर बसतात.)

तंट्याची हकीकत अशी. या यंत्रावर विंडोज दहा नामक कार्यप्रणालीचा अंमल होता. २९ जुलै २०१५ रोजी तो सुरू झाला, आणि त्याच वर्षी विंडोज बनविणाऱ्या कंपनीच्याच एका माणसाने भर परिषदेत सांगून टाकले होते की, विंडोजची ही अखेरची आवृत्ती. मी महसूल खात्यातला माणूस; ‘अखेरची मुदत’ हे शब्द कानावर पडले की पुढच्या मुदतवाढीचा मसुदा खणात तयार ठेवायचा, ही आमची शिस्त. त्याप्रमाणे २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज अकरा अवतरले, आणि १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज दहाचा पाठिंबा संपला. म्हणजे राज्य जागेवर राहील, कारभारही चालेल, परंतु तटबंदीला पडलेली नवी भगदाडे बुजवायला गवंडी येणार नाहीत. ज्यांना हे एकदम सोसवणार नाही त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढीची सोय होतीच. (समाधानाने) बघा. होतीच!

तेव्हा मी नवी पेठेतून दुरुस्तीच्या पोराला बोलावून घेतले. त्याने पेटीची एक बाजू उघडली, आत डोकावला, आणि म्हणाला, “काका, अकरा चढंना ह्याच्यात. म्हातारं झालंय बे हे.” त्यातले ‘बे’ हे संबोधन मला उद्देशून होते की यंत्राला, याचा खुलासा मी अद्याप मागविलेला नाही.

चढत का नाही, तर पात्रतेच्या अटी आहेत. चार जीबी मेमरी हवी, साठवणुकीला चौसष्ट जीबी जागा हवी, टीपीएम दोन नावाची, किल्ल्या सांभाळणारी एक चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. मंडळी, दुसरा कोणी असता तर संतापला असता. माझा मात्र ऊर भरून आला. आम्ही वारसनोंदीला तीन पिढ्यांची वंशावळ मागत होतो, तर लोक कचेरीला शिव्या घालीत. येथे आठव्या पिढीची अट असून सारे जग निमूटपणे रांगेत उभे आहे!

(उठून रंगमंचाच्या पुढे येतात.)

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला चिरंजीव आणि जावईबापू असे दोघेही आले. सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा पाहून दोघेही प्रसन्न चित्ताने घरी परतले, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पानात पडली, आणि जेवताजेवता माझ्या तोंडून प्रश्न निघाला की, या यंत्राचे काय करावे? त्यानंतर त्या घरात प्रसन्न चित्त राहिले नाही.

चिरंजीव हिंजवडीला असतात. ते म्हणाले, “बाबा, लिनक्स टाका. फुकट आहे.” आता सरकारी माणसाला कोणी ‘फुकट’ म्हटले की तो आधी मागे वळून पाहतो, लाचलुचपत खात्याचे कोणी पडद्याआड उभे नाही ना! मी म्हटले, “फुकट असेल, पण मूळ पुरुष कोण? सनद काय? वारस कोण? कागद दाखवा.”

(कागद वाचल्याच्या थाटात.)

मूळ पुरुष लिनस टोरवाल्ड्स, त्या काळी राहणार हेलसिंकी, देश फिनलंड. १९९१ साली विद्यार्थी असताना त्याने या प्रणालीचा गाभा लिहिला. तत्पूर्वी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या नावाचा संकल्प सोडला होता, आणि पुढे जी सनद लिनक्सलाही लागू झाली ती त्यांचीच : घ्या, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र देताना हे सारे हक्क त्यालाही द्या. मंडळी, आमच्या सातबाऱ्यावर ‘नवीन अविभाज्य शर्त’ असा शेरा असतो, ज्याचा अर्थ परवानगीवाचून वाटणी आणि हस्तांतर बंद. आणि यांची शर्त अशी, की वाटणी बंद करण्यालाच बंदी! असल्या शर्तीवर जमिनी दिल्या असत्या, तर महसूल खाते कधीच बुडाले असते आणि दिवाणी न्यायालये ओस पडली असती.

वाटणीला मोकळीक म्हटल्यावर भाऊबंदकी ओघानेच आली. १९९३ साली इयान मरडॉक या गृहस्थांनी प्रेयसी डेब्राचे नाव आणि स्वतःचे नाव जोडून डेबियन काढले. डेबियनपासून २००४ साली दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी उबुंटू काढले. उबुंटूपासून २००६ साली मिंट निघाले. आणि पुढे मिंटने बापाला वगळून थेट आजोबा डेबियनशी नाते सांगणारी आणखी एक शाखा काढली. आपल्या सी-डॅकनेही २००७ साली याच कुळातून एक कार्यप्रणाली काढली आणि तिचे नाव ठेवले ‘बॉस’. कचेरीत माणूस आयुष्यभर एक बॉस सोसतो. तो टेबलावरही बसवावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याने कधी कारकुनी केली नसावी.

(आवाज खाली आणून, अदबीने.)

जावईबापूंचा पक्ष निराळा. त्यांनी पिशवीतून एक पातळ, चंदेरी वस्तू काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. मॅक. ही कार्यप्रणाली अन्य कोणाच्या यंत्रावर अधिकृतपणे बसवता येत नाही; यंत्र ॲपलचे, प्रणाली ॲपलची, आणि २०२० पासून आतला प्रोसेसरही ॲपलचाच. जमीन, विहीर, मोट आणि बैल एकाच मालकाचे असले की शेत नीट पिकते, हे मी दप्तरावरून सांगू शकतो. आणि कुळाला बांधावरचे बाभळीचे झाडदेखील विचारल्यावाचून तोडता येत नाही, हेही दप्तरावरूनच सांगू शकतो. कंपनीचे स्वतःचे दुकान आपल्याला जवळात जवळ म्हणजे पुण्याला, कोरेगाव पार्कात, तेही २०२५ च्या सप्टेंबरात उघडलेले. म्हणजे काही विचारायचे झाले तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस. शिवाय कंपनीने जाहीर केले आहे की, ‘टाहो’ ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची मोठी आवृत्ती. जावईबापूंचे यंत्र कोणत्या प्रोसेसरचे, हे मी सासऱ्याच्या मर्यादेस अनुसरून विचारले नाही. चिरंजीवांनी विचारले. त्यानंतर जावईबापूंनी दुसरी भाकरी घेतली नाही.

(हात जोडून.)

एवढ्यात शेजारचे अण्णा आले. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत त्यांचे चादरींचे माग आहेत. अण्णा घरात तेलुगू बोलतात, सुताच्या व्यापाऱ्याशी कन्नड, माझ्याशी मराठी आणि उत्तरेकडच्या गिऱ्हाइकाशी हिंदी. आणि यांपैकी कोणती भाषा श्रेष्ठ असा प्रश्न या गृहस्थांना कधी पडल्याचे ऐकिवात नाही. त्यांना मी तिन्ही पक्षांचे म्हणणे विस्ताराने ऐकविले. अण्णा म्हणाले, “सायेब, टॅली कशावर चालते?” चिरंजीव म्हणाले, “विंडोजवर.” अण्णा म्हणाले, “मग झालं की!” आणि चहा पिऊन गेले. ज्या प्रश्नावर माझ्या घरात दोन सुशिक्षित पदवीधर मध्यरात्रीपर्यंत हमरीतुमरीवर आले होते, त्याचा निकाल त्या माणसाने चहा निवण्यापूर्वी लावला, कारण त्याने ‘राज्य कोणाचे’ असे विचारलेच नाही; ‘माझे काम कोणाच्या राज्यात चालते’ एवढेच विचारले. पत्रिका छापणाऱ्याला कोरलड्रॉ लागते; ते विंडोजवर आणि मॅकवर चालते, लिनक्सवर चालत नाही. त्याच्यापुढे स्टॉलमनची सनद वाचून उपयोग नाही. लग्नाची तिथी टळत नसते.

आणि आमच्या सौभाग्यवती? त्या कोपऱ्यात बसून हातातल्या फोनवर विजेचे बिल भरीत होत्या. चिरंजीव म्हणाले, “आई, तू तरी काही बोल.” त्या म्हणाल्या, “मला तुमच्यातलं काही लागत नाही.” तेव्हा चिरंजीवांनी विजयी मुद्रेने जाहीर केले की, आईच्या फोनातल्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे ज्या राज्याच्या गुणदोषांची आम्ही पुरुष मंडळी चौकशी करीत होतो, त्यात आमचे कुटुंब कित्येक वर्षे सुखाने नांदत होते, आणि मला त्याची वर्दीसुद्धा नव्हती.

(टेबलाशी येतात.)

मी स्थळपाहणीवाचून निकाल देत नाही. लिनक्सची एक सोय नामी आहे : पेनड्राइव्हवरून तात्पुरते चालवून पाहता येते, आतल्या जुन्या राज्याला धक्का लागत नाही. चालवले. पडदा उजळला, इंटरनेट लागले. मी उत्साहाने माझ्या घराण्याची बखर उघडली, जी एका टंकलेखन केंद्रातून मोठ्या हौसेने टंकून घेतली होती. मंडळी, माझ्या पणजोबांच्या जागी डॉलरचे चिन्ह होते. पणजीच्या जागी दोन टिंबे आणि एक उलटा प्रश्न! मी चिरंजीवांकडे पाहिले. ते म्हणाले, “बाबा, यात लिनक्सचा दोष नाही. हा जुना फाँट आहे.”

तेव्हा उलगडा झाला. त्या काळच्या कित्येक मराठी फाँटांत, संगणकाच्या लेखी आत सारी रोमन अक्षरांची चिन्हेच असत, आणि फाँट त्यांना वरून देवनागरी अंगरखा चढवी. तो विशिष्ट फाँट दुसऱ्या यंत्रावर नसला की अंगरखा गळून पडे. १९९१ साली, म्हणजे लिनक्सच्याच जन्मवर्षी, युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. विंडोजमध्ये ती सोय विंडोज २००० पासून आहे, मॅकवर आहे, लिनक्सवर आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकही तिन्हींवर मिळतो, म्हणजे बोटांना एकदा वळण लागले की कोणत्याही राज्यात पोट भरता येते.

(लाल रुमाल सोडून एक जीर्ण कागद उचलतात.)

हा मोडीतला कागद. सोलापूरच्या भुईकोटावर आदिलशाही झाली, पेशवाई झाली, १८१८ साली इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढे तेही उतरले. राज्ये गेली, पण हा कागद राहिला. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून उठली, आणि आज हा कागद माझ्या हाती असूनही मला परका आहे. वाचायचा तर जाणकार शोधावा लागतो. त्या मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. आणि आमच्या हयातीतच टंकलेली बखर मात्र अवाच्य होऊन बसली! म्हणून सांगतो, भांडण राज्याचे नव्हेच. राज्य फिनलंडचे असो वा अमेरिकेचे, ते बदलणारच. दप्तर आपल्याला वाचता आले पाहिजे, एवढे ज्याने पाहिले तो सुटला.

(टोपी नीट करतात, खुर्चीवर ताठ बसतात, खाकरतात.)

सबब, हुकूम. अण्णांनी विंडोज अकरा घ्यावे आणि अटी पुऱ्या करणारे यंत्र घ्यावे. कारण त्यांचे काम टॅलीचे आहे. जावईबापूंनी मॅक सुखाने वापरावा आणि दुसरी भाकरी घ्यावी. सौभाग्यवतींच्या बाबतीत परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवावी, कारण अन्य हुकूम बजावण्याची या कचेरीस छाती नाही. प्रस्तुत यंत्र म्हातारे असले तरी माझे काम पत्रे लिहिणे, पेन्शनचा कागद छापणे आणि वर्तमानपत्रे वाचणे एवढेच आहे, आणि मिंटला दोन जीबी मेमरी चालते, चार असल्यास उत्तम. सबब येथे मिंट बसवावे. परंतु नवी पेठेतला पोरगा हाकेसरशी येतो तो विंडोजसाठी, आणि लिनक्सचा जाणकार हिंजवडीला बसतो. म्हणून चिरंजीवांनी असा मुचलका लिहून द्यावा की, वडिलांचा फोन पहिल्या घंटीला उचलीन आणि ‘बाबा, मीटिंगमध्ये आहे’ असे म्हणणार नाही. हा मुचलका मोडल्यास विंडोजची पुनर्स्थापना होईल.

आणि सभागृहातील तमाम लोकांस ताकीद देण्यात येते की, कार्यप्रणाली निवडताना आधी काम विचारावे, मग दुरुस्तीला कोण येईल ते विचारावे. आपले मराठी लेखन, फाँटात अडकलेले असेल तर सोडवून, युनिकोडमध्ये आणावे. आणि दप्तराची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी. या निकालाने नाराज झालेल्या पक्षकाराने साठ दिवसांचे आत अपील करावे. मात्र अर्ज युनिकोडमध्ये टंकलेला असावा, अन्यथा तो वाचला जाणार नाही.

(शिक्का मारतात. पडदा.)