दाढदुखीची पुण्याई

वाटूरला येणाऱ्यांपेक्षा वाटूरवरून वळणारेच जास्त. जालन्याहून मंठ्याकडे निघालेली एसटी फाट्यावर थांबली की परतूरला जाणारे पिशव्या सावरत उतरतात आणि पुढचं वाहन येईपर्यंत हॉटेलच्या सावलीला उभे राहतात. जन्मभर इथून ये-जा केलेल्या माणसालाही ‘वाटूर कसं आहे हो?’ असं विचारलं, तर तो बावरतो. फाट्याचं असंच असतं. प्रवास त्याच्यामुळे होतो, पण प्रवासाच्या गोष्टीत त्याचं नाव नसतं.

काही बायकांचं आयुष्य या जातीचं असतं. लग्नात नाव बदललं, पुढे ‘अमक्याची माय’ म्हणून हाक मारली गेली, आणि शेवटी मातीआड झाल्या त्याही बिनपाटीच्या. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. चार पावसाळे गेले की उंचवटा कुठला आणि रान कुठलं, हे नातवालाही सांगता येत नाही. लिंगायत समाजात मृतदेह बसवून पुरण्याची रीत आहे. मला ती फार समजूतदार वाटते. जिला हयातभर कुणी ‘बस गं घटकाभर’ म्हटलं नाही, तिला निदान तिथे तरी बसायला मिळतं.

पण अशा बायकांचा मक्ता काही एकट्या मराठवाड्याकडे नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिसिया कार्पेंटर नावाची एक गृहिणी राहत होती. नवरा, मुलंबाळं, घरकाम. 1880 साली ही बाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसली होती. ताटकळलेला माणूस काहीही वाचतो. फाट्यावर भजी संपल्यावर तेलानं पारदर्शक झालेल्या कागदावरची निविदा सूचना मी अथपासून इतिपर्यंत वाचलेली आहे. थिओडिसियाबाईंच्या हाती मिशनऱ्यांचं एक मासिक लागलं. त्यात गोपाळराव जोशी नावाच्या पोस्टातल्या कारकुनाचं पत्र छापलं होतं: बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का? शेजारी संपादक वाइल्डर साहेबांचं उत्तरही होतं. आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू, असा त्याचा मथितार्थ.

दात ठणकत असताना दुसऱ्याचं दुखणं वाचवत नाही, असा माझा अनुभव. या बाईला ते वाचवलं, आणि झोंबलंही. तिनं पत्र लिहिलं. तिकडून गोपाळरावांच्या बायकोचं, आनंदीबाईंचं, उत्तर आलं. समुद्रातून महिनेच्या महिने प्रवास करणाऱ्या पाकिटांवर दोघींचं नातं जुळलं. आनंदीबाईंची प्रकृती तोळामासा, तर ही बाई अमेरिकेहून औषधं पाठवू लागली. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या. मावशी! एकमेकींचा चेहरा पाहिलेला नाही, भाषा निराळी, धर्म निराळा. आणि धर्म बदल, असं या मावशीनं मात्र म्हटलं नाही.

एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा धक्क्यावर मावशी हजर. मुक्काम अर्थातच मावशीकडे. नऊवारीतली शाकाहारी पाहुणी आली आहे म्हटल्यावर रोझेलमधल्या आयाबायांनी किती निमित्तं काढून साखर उसनी मागायला फेऱ्या मारल्या असतील, याची कल्पना आपण करावी. पुढे फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय, 11 मार्च 1886 ची पदवी, कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयानं झालेला अंत, हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. तेव्हा आनंदीबाईंना बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

पाठ नसतं ते त्यापुढचं. गोपाळरावांनी अस्थी मावशीकडे पाठवल्या, आणि तिनं त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथल्या दफनभूमीत, आपल्या घरच्या माणसांच्या जागेत ठेवल्या. शिक्षणासाठी परदेशी जाणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं तिथल्या शिळेवर इंग्रजीत कोरलेलं आहे. बांध वीतभर सरकला तर तहसील गाठणारी आपण माणसं. या बाईनं आपल्या घराण्याच्या मातीत कल्याणच्या एका मुलीला कायमची जागा काढून दिली.

आनंदीबाईंवर चरित्रं झाली, काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं, श्री. ज. जोशींची कादंबरी आली, 2019 साली सिनेमाही निघाला. कादंबरीच्या नि सिनेमाच्या नावात गोपाळराव बायकोशेजारी ऐसपैस बसले. पतिराजांना जागा मिळतेच. मावशीबाई आतल्या पानांत, कामापुरत्या येतात नि जातात. त्याला इलाजही नाही म्हणा. साध्या बाईच्या शिळेवर कोरायचं तरी काय? ‘दाताच्या डॉक्टरकडे गेली असता मासिक वाचलं, घरी येऊन पत्र टाकलं, औषध धाडलं, पाहुणी आली तेव्हा बंदरावर गेली.’ पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो. एवढा मजकूर ऐकून घरचेच म्हणणार, नुसतं नाव टाका. आणि आमच्याकडचे घरचे असतील, तर नावापाशीही अडणार: सासरचं टाकायचं की माहेरचं?